हाक एकाला, वळले तिघे

अल्लीपूरच्या बसथांब्यावर उभं राहून कुणी "ओ गजाननराव!" अशी हाक मारली, तर तीन माना वळाव्यात, इतकं हे नाव आमच्या भागात मुरलेलं आहे. एक चक्कीवाले गजाननराव, एक कंट्रोलवाले, तिसरे वेशीजवळच्या घरातले. हाक मारणाऱ्याला एकच हवा असतो, पण नावावर तिघांचाही हक्क सारखाच. हिंगणघाट तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. नामदेव, पांडुरंग, तुकाराम, महादेव ही नावं गल्लीगल्लीत भेटतात आणि तरी गावाचा गोंधळ उडत नाही. धंदा, घराची जागा, वय, बापाचं नाव, काही ना काही नावाला जोडून गाव आपलं माणूस अचूक वेगळं काढतं. हे शास्त्र कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, पण ते शास्त्रच आहे. त्याचा माग काढत गेलं, तर वाट थेट दोन हजार वर्षांमागच्या एका राजमातेपर्यंत जाते.

आधी गावापासून सुरुवात करू. अल्लीपूर हे नावही पुरतं एकटं नाही. कोलकात्यात अलीपूर आहे. अरविंद घोषांवरचा १९०८चा प्रसिद्ध बॉम्ब खटला तिथलाच. दिल्लीत अलीपूर आहे, पाकिस्तानातल्या पंजाबातही अलीपूर आहे. वर्धा जिल्ह्यातलं आमचं अल्लीपूर या सगळ्यांतून ओळखू येतं ते जोडाक्षरातल्या एका जास्तीच्या 'ल'मुळे. एवढ्याशा अक्षरावर गावाची ओळख उभी आहे.

पण याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावाला अशी अक्षराची मदत पुरली नाही. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर शेगाव नावाचं लहान खेडं होतं. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी तिथे राहायला आले आणि देशभरातून, परदेशातून त्या खेड्याच्या पत्त्यावर पत्रं येऊ लागली. अडचण अशी, की बुलढाणा जिल्ह्यात दुसरं शेगाव होतं. गजानन महाराजांमुळे सर्वांना ठाऊक असलेलं आणि रेल्वेच्या मोठ्या मार्गावरचं. टपाल तिकडे जायचं. ज्या माणसाचा बराचसा कारभार पत्रांवर चाले, त्याचीच पत्रं भलत्या गावी! शेवटी १९४० मध्ये खेड्याचं नाव बदलून सेवाग्राम झालं. आज जगाच्या नकाशावर असलेलं हे नाव एका साध्या नामसाधर्म्यातून जन्मलं, हे कळल्यापासून त्या रस्त्याने जाताना मला प्रत्येक पाटी वेगळी दिसते.

त्याच खेड्यात नावाची आणखी एक गोष्ट राहत होती. इंग्लंडमधून आलेल्या मॅडलिन स्लेड यांना गांधीजींनी मीरा हे नाव दिलं होतं. राजस्थानातल्या संत मीराबाईंचं नाव चारशे वर्षांनी एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या मुलीने धारण केलं आणि त्या मीराबहन झाल्या. गावाने सारखेपणा टाळायला नाव बदललं, तर या बाईंनी सारखेपणा हवा म्हणून. एकाच नावाची माणसं योगायोगाने होतात तशी श्रद्धेनेही होतात. गजानन महाराजांवर श्रद्धा असलेल्या वऱ्हाडात गजानन इतके का, याचं उत्तरही त्यातच आहे.

सेवाग्रामहून पवनार जवळच आहे. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले, १९३८ पासून पवनारला राहिले आणि १९८२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचं पाळण्यातलं नाव विनायक. विनायक नरहरी भावे. आता एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन 'विनायक भावे' यांचं पुस्तक मागा. समोर कदाचित 'महाराष्ट्र सारस्वत' येईल. तो मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे विनायक भावे वेगळे. ते ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६), १८९३ मध्ये सुरू झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. दोघांचं पहिलं नाव एक, आडनाव एक, संतवाङ्मयाची ओढही एक. एकाने जुन्या कवींच्या पोथ्या शोधून त्यांचा इतिहास मांडला, दुसऱ्याने गीता सोप्या मराठीत 'गीताई' करून घराघरात पोचवली. दोघांना वेगळं करायला मधलं एक अक्षर उरतं. वि. ल. आणि वि. न.

मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव. मराठी माणसाची ही मोठी सोय. पण तीही कधी कधी हात टेकते. 'विनायक दामोदर' एवढंच लिहा आणि आडनाव झाकून ठेवा. कोण आठवतं? बहुतेकांना १८८३ मध्ये भगूरला जन्मलेले विनायक दामोदर सावरकर. पण १९०६ मध्ये कोल्हापूरला जन्मलेले विनायक दामोदर कर्नाटकीही आहेत. ते म्हणजे मास्टर विनायक. 'ब्रह्मचारी'सारखा चित्रपट करणारे, अभिनेत्री नंदाचे वडील, दीनानाथ मंगेशकरांच्या मृत्यूनंतर लहानग्या लताला चित्रपटात काम देणारे. इथे मुलाचं नाव जुळलं, बापाचंही जुळलं. दोन माणसांमध्ये फक्त आडनावाची भिंत उरली.

संगीतात अशीच जोडी आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१). दोघेही विष्णू, दोघांनीही तोंडी चालत आलेलं गाणं कागदावर उतरवण्याची पद्धत रचली, दोघांनीही संगीत शिकवायच्या संस्थांसाठी आयुष्य वेचलं. म्हणूनच आज गाणं शिकणारं पोरही 'भातखंडे पद्धत' आणि 'पलुसकर पद्धत' असं आडनावाने बोलतं. नुसतं 'विष्णूंची पद्धत' म्हटलं तर गुरुजींनाच परत विचारावं लागेल.

हे असं होतं तरी का? एक कारण गणिताचं आहे. गणितातलं एक सुंदर कोडं सांगतं, की कुठलीही २३ माणसं एकत्र आली तर त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. वर्षात दिवस ३६५, आणि पुरतात फक्त २३ माणसं! कारण आपण एकाची तुलना एकाशी करत नसतो. २३ माणसांत २५३ जोड्या होतात आणि त्यांतली कुठलीही एक जुळली की झालं. नावांचंही तसंच. त्यात गावातली नावं तारखांसारखी समान वाटलेली नसतात. काही नावं ढिगाने, काही एखाददुसरी. म्हणून जोडी अजूनच लवकर जुळते.

दुसरं कारण आपल्या चालीरीतीत आहे, आणि ते फार विलक्षण आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली जुनी पद्धत. समजा आजोबा विष्णू रामचंद्र. त्यांचा मुलगा रामचंद्र विष्णू. त्याला मुलगा झाला आणि त्याचं नाव आजोबांवरून विष्णू ठेवलं. म्हणजे तो कोण? विष्णू रामचंद्र! नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही आजोबांचीच. ही रीत पाळत राहिली तर एका आड एका पिढीत तेच्या तेच संपूर्ण नाव परत येत राहील, रहाटाचा पोहरा फिरून वर यावा तसं. जुने सातबारे आणि फेरफार वाचताना माणसं इथेच अडकतात. जमीन आजोबांच्या नावावर आहे की नातवाच्या, हे नावावरून कळत नाही. साल पाहावं लागतं.

हा रहाट आपल्या इतिहासातही फिरलेला आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला. त्याचं नाव बाळाजी. तोच पुढे नानासाहेब पेशवा. आजोबांचं नाव वर्षाच्या आत घरात परत आलं. आणखी नवल म्हणजे त्याच पेशवाईत तिसरे बाळाजी होते, बाळाजी जनार्दन भानू. त्यांनाही सगळे नाना म्हणत. तेच नाना फडणवीस. त्यांच्या आजोबांचंही नाव बाळाजीच होतं. म्हणजे पाळण्यातलं नाव सारखं म्हणून टोपणनावाने हाक मारावी, तर टोपणनावही जुळलेलं. पुढे १८५७च्या उठावात कानपूरला जे नानासाहेब पेशवे उभे राहिले, ते आणखी वेगळे. त्यांचं नाव धोंडोपंत.

छत्रपतींच्या घरात याच रीतीतून एक थक्क करणारी गोष्ट घडली. संभाजी महाराजांना १६८२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव आजोबांवरून शिवाजी ठेवलं. राजाराम महाराज आणि ताराबाईंना १६९६ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव आजोबांवरून शिवाजी. दोघे चुलतभाऊ, दोघांचं नाव त्याच थोर आजोबांचं. पहिला शिवाजी मोगलांच्या कैदेत वाढला आणि शाहू म्हणून ओळखला गेला. १७०७ मध्ये तो सुटून आला आणि खेडच्या लढाईत गादीचा प्रश्न रणात गेला. एका बाजूला शाहू, दुसऱ्या बाजूला ताराबाईंचा शिवाजी. पाळण्यातल्या नावाने पाहिलं तर शिवाजी महाराजांच्या गादीसाठी शिवाजीसमोर शिवाजी उभा होता. या लढाईत शाहू जिंकले, आणि पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या.

आमच्या वर्ध्यावर ज्यांचा अंमल होता त्या नागपूरकर भोसल्यांतही रघुजी तीन झाले. तिसऱ्या रघुजींचं मूळ नाव बाजीबा. ते दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र. दत्तक घेऊन गादीवर बसवताना त्यांना आजोबांचं नाव दिलं. १८५३ मध्ये ते निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. नाव परत आणता आलं, पण राज्य राखणारा वारस मिळाला नाही.

पुरुषांची नावं आजोबांकडून आली, तर बायकांची नावं लग्नात बदलली. त्यामुळे स्त्रियांच्या इतिहासात नामसाधर्म्य अजून दाट आहे. कल्याणला १८६५ मध्ये एक यमुना जन्मली. लग्नानंतर तिचं नाव आनंदी झालं. त्याच सुमारास देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांकडे दुसरी यमुना जन्मली. लग्नानंतर ती रमा झाली. पहिली डॉ. आनंदीबाई जोशी, दुसरी न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी आणि पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे. दोन यमुना, आणि इतिहासात शिरेपर्यंत दोघींचंही ते नाव विरघळून गेलेलं.

आता याच धाग्यात तिसरी बाई येते. पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाच्या कामात दोन रमा एकत्र आल्या. पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या नात्यातल्याही होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. ११ मार्च १८९३ रोजी तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, आणि लग्नात तिला नवं नाव मिळालं. आनंदी! म्हणजे पंडिता रमाबाईंनी एका आनंदीला पदवी घेताना पाहिलं आणि दुसरी आनंदी त्यांच्याच शाळेतून घडली. तिन्ही प्रसंगांची तारीखही एकच. माणसांना जसे नावबंधू असतात तसे दिवसांनाही असावेत, असं वाटावं इतकं हे जुळून आलेलं आहे.

शंभर वर्षं मागे जा. शनिवारवाड्यात थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई आणि राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई, पुन्हा तीच दोन नावं एका घरात. पुढे या, आणखी एक रमाबाई भेटतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी, १९३५ मध्ये त्या गेल्या. त्यांना लोकांनी वेगळं कसं ओळखलं? नावाच्या शेवटी 'आई' लावून. रमाई. वर्धा-नागपूरच्या वस्त्यांत हा शब्द उच्चारला की दुसरी कुणी मनात येतच नाही. गावाने चक्कीवाले, कंट्रोलवाले म्हणावं, तसं लाखो लोकांनी प्रेमाने दिलेलं हे ओळखीचं अक्षर आहे.

नावं मिसळली तर बिघडतं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं. संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. नरसीचा हा शिंपी विठ्ठलाचं नाव घेऊन पंजाबापर्यंत पोचला. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा मोठा कवी झाला. महाभारत मराठी ओव्यांत आणण्याचं प्रचंड काम त्याचं. दोघांच्याही कवितेत शेवटी 'नामा'. अभंग पाठांतराने आणि वह्यांतून फिरत राहिले, आणि कुठला नामा कुठला हे कळेनासं झालं. नामदेवांच्या गाथेत इतर नाम्यांच्या रचना शिरल्या. अभ्यासकांना आजही भाषा, व्याकरण, संदर्भ तपासत एकेक अभंग निवडावा लागतो. यात एकाचं श्रेय दुसऱ्याला जातं, आणि दुसरा परक्या रचनांच्या गर्दीत हरवतो. विष्णुदास नाम्याचं नाव आज किती जणांना माहीत आहे? त्याच्या ओळी मात्र कुणाच्या तरी ओठांवर असतील, दुसऱ्याच्या नावाने.

यावरचा तोडगा आपल्याच मातीत दोन हजार वर्षांपूर्वी सापडला होता. सातवाहन राजघराण्यात शातकर्णी हे नाव पुन्हा पुन्हा येतं. नाणेघाटाच्या लेखातला नागनिकेचा नवरा शातकर्णी, पुढेही शातकर्णी, त्यानंतरही शातकर्णी. मग त्यांना वेगळं कसं ओळखायचं? आईच्या नावाने! गौतमीचा मुलगा तो गौतमीपुत्र शातकर्णी. वासिष्ठीचा मुलगा तो वासिष्ठीपुत्र. नाशिकच्या पांडवलेण्यांत राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती आपल्या मुलाच्या मुलखांची यादी देते आणि त्या यादीत विदर्भाचंही नाव आहे. वाशीमजवळच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातली पुसट अक्षरं लावताना संशोधकांना पुन्हा तोच प्रश्न होता. हा शातकर्णी कुठला?

आईचं नावही दर वेळी पुरत नाही, हे खरं. यज्ञ शातकर्णीही गौतमीपुत्रच होता. म्हणून त्याच्या नावात 'यज्ञ' लागला. पण प्रत्येक जास्तीच्या नावाने गोंधळ किती कमी होतो ते पाहा. गावात वीसच नावं चालतात असं धरा. नुसत्या नावाने वीस माणसं वेगळी करता येतील. वडिलांचं नाव जोडलं की चारशे जोड्या होतात. आईची नावंही वीस धरली तर आठ हजार. आणि आजोबा-नातवाचा तो रहाट? आजोबांची आई वेगळी, नातवाची आई वेगळी. तो तिथेच थांबतो.

आता महाराष्ट्र शासनाने हीच वाट धरली आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. आईला मान मिळाला ही त्यातली मोठी गोष्ट. त्यासोबत, सातवाहनांना जे सुचलं होतं ते दोन हजार वर्षांनी अल्लीपुरातल्या सरकारी कागदांवरही आलं.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरातले जुने फोटो आज काढा. मागच्या कोऱ्या बाजूला 'आजी', 'मोठे बाबा' एवढंच लिहून ठेवू नका. त्यांचं पूर्ण नाव लिहा, लग्नाआधीचं नाव लिहा, आईचं नाव, गाव आणि साल लिहा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. पुढच्या पिढीत त्याच नावाचं कुणी ना कुणी असणारच आहे, आणि त्याला हे कळायला हवं की आपल्याआधी या नावाने कोण जगलं.